काळीवरचा पांढरा रस्ता

आमच्या जुन्या घराच्या ओसरीला शहाबादी फरशी होती. वैशाखात तिच्यावर पाणी शिंपडून पाठ टेकली की जिवाची काहिली थांबायची. त्या फरशीचं एक दुखणं मात्र जात नव्हतं. दाराजवळचे दोन तुकडे पावसाळ्यात वर उचलले जायचे आणि उन्हाळ्यात पुन्हा खाली बसायचे. येता-जाता त्यांना ठेच लागायची. शेवटी गवंड्याला बोलावलं. त्यानं दोन्ही फरश्या काढल्या, खालची माती मुठीत दाबून पाहिली आणि म्हणाला, "फरशीला काय झालंय? ती चांगलीच हाय. खाली काळी हाय. मुरूम भरल्याबिगर ती काय जागेवर राहायची नाही." मग हातभर खोल माती काढून त्यानं मुरूम भरला, पाणी मारलं, धुम्मसानं ठोकला, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणी. त्यानंतर ती फरशी हलली नाही.

पुढे रस्त्यांविषयी वाचायला लागलो तेव्हा हा गवंडी मला वारंवार आठवत राहिला. नांदेड-लातूरच्या मातीत सिमेंटचा रस्ता इतक्या उशिरा का रुजला, याचं अर्धं उत्तर त्यानं ओसरीतच दिलं होतं.

उरलेलं अर्धं उत्तर शहाबादला सापडतं. मुंबई-मद्रास लोहमार्गावर, वाडी जंक्शनच्या अलीकडे हे गाव आहे. आज ते कलबुर्गी जिल्ह्यात, कर्नाटकात मोडतं. पण 1948 पर्यंत शहाबाद, नांदेड आणि लातूर ही तिन्ही गावं निजामाच्या एकाच राज्यात होती. भीमेच्या खोऱ्यातला तिथला चुनखडक पापुद्र्यांसारख्या थरांनी बनलेला आहे. पहार घातली की सपाट लादी सुटून येते. तीच आपली फरशी. आणि हाच दगड दळून, त्यात चिकणमाती मिसळून, सुमारे 1450 अंश सेल्सियसला भाजला की काळपट गोळे तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये थोडं जिप्सम घालून पीठ केलं की झालं सिमेंट. 1920 च्या दशकात शहाबादला सिमेंटचा कारखाना चालू झाला. म्हणजे ज्या दगडावर आमचे आजे-पणजे जेवायला बसत, त्याच दगडाचं सिमेंट त्यांच्याच राज्यात तयार होत होतं.

चुना आपल्याला नवा नव्हता. कंधार, औसा, उदगीर इथले किल्ले चुन्यातच उभे आहेत. बैलाच्या घाणीत चुना मळायचा आणि दगडांच्या सांध्यात भरायचा, ही कला इथं शतकानुशतकं होती. पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो. त्याला महिने, कधी वर्षं लागतात, आणि जाड थराच्या पोटात हवा पोचत नसल्यानं आतला चुना दीर्घकाळ मऊ राहतो. सिमेंटचं तसं नाही. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, त्याला हवा लागत नाही, ते पाण्याखालीही आवळतं. सिमेंट 'वाळतं' असं आपण सहज म्हणून जातो, पण वाळणं हाच त्याचा घात आहे. घट्ट होण्याची क्रिया चालू राहायला त्याच्यात पाणी टिकावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण मराठवाड्यात ती पुढे फार महाग पडते.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ अस्पडिन या गवंड्यानं 1824 मध्ये 'पोर्टलंड सिमेंट'चं पेटंट घेतलं. घट्ट झाल्यावर ते तिकडच्या पोर्टलंड नावाच्या बेटावरील इमारती दगडासारखं दिसतं, म्हणून ते नाव. त्याचा रस्ता करावा हे मात्र लोकांना बरंच उशिरा सुचलं. स्कॉटलंडमध्ये 1860 च्या दशकात काही प्रयत्न झाले. सगळ्यात जास्त सांगितली जाते ती गोष्ट अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या बेलफाउंटन या लहानशा गावाची. तिथं जॉर्ज बार्थोलोम्यू नावाच्या माणसानं 1891 मध्ये मुख्य रस्त्याच्या कडेला आठ फूट रुंदीचा पट्टा घालून दाखवला. घोडागाडीची लोखंडी चाकं त्यावरून दोन वर्षं फिरली तरी पट्टा टिकला. मग 1893 मध्ये कोर्टाच्या चौकाभोवतीचे रस्ते सिमेंटचे झाले. गावकऱ्यांना एवढं धाडस पचेना, म्हणून बार्थोलोम्यूनं साहित्य स्वतःच्या पदरचं दिलं आणि पाच वर्षं रस्ता टिकेल याची हमी म्हणून पाच हजार डॉलर्सचा बाँड लिहून दिला. घोड्यांचे नाल घसरू नयेत म्हणून ओल्या पृष्ठभागावर चार-चार इंचांचे चौकोन कोरले होते. त्या रस्त्याचा काही भाग आजही जागेवर आहे.

हा चौक वाचताना मला लातूरची गंजगोलाई दिसते. फैयाजुद्दीन या नगररचनाकारानं ही गोल बाजारपेठ आखली. मधली दुमजली इमारत 1917 ची आहे आणि गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. आडतीच्या दिवसांत या सोळा रस्त्यांनी गाड्या यायच्या. तूर, करडई, ज्वारी, कापूस लादलेल्या. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवलेली असते. धाव जेमतेम दोन बोटं रुंद, आणि वर पंधरा-वीस मणांचा बोजा. एवढं वजन एवढ्याशा जागेवर आलं की रस्त्याला ते सुरीसारखं लागतं. काळ्या मातीतल्या वाटेवर पहिल्या पावसानंतर दोन चाकांचे दोन खोल चर पडतात. मागची प्रत्येक गाडी त्याच चरांतून जाते आणि ते आणखी खोल करते. याला आपण चाकोरी म्हणतो. आता तो शब्द बहुतेक ठिकाणी कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरला जातो, पण मुळात ती रस्त्याची जखम आहे.

चाकोरीवरचा जुना इलाज म्हणजे खडीचा रस्ता. खडीचे थर पसरायचे, त्यांच्या फटींत मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा. लोखंडी धावेखाली खडीचा थोडा भुगा व्हायचा, तो फटींत बसायचा, पाऊस पडला की आवळायचा. रस्ता झिजायचा खरा, पण त्या झिजेतूनच थोडा सावरायचाही. मोटारी आल्यावर हे गणित मोडलं. रबरी टायर वेगानं फिरतो तेव्हा खडीच्या फटींतला बारीक भुगा शोषून बाहेर भिरकावतो. मोटारीमागे उडणारा धुरळा हा रस्त्याचाच बंध असतो. भुगा गेला की खडी सुटी होते, आणि मग उरलेलं काम धावेची चाकं करतात. 1920-30 च्या दशकांत भारतातल्या सगळ्याच अभियंत्यांपुढे हा दुहेरी पेच होता: एकाच रस्त्यावर लोखंडी धाव आणि रबरी टायर.

याच काळात सिमेंटवाल्यांवरही संकट आलं होतं. भारतात सिमेंटचं यशस्वी उत्पादन पोरबंदरला 1914 मध्ये सुरू झालं. पहिल्या महायुद्धात बाहेरचा माल थांबल्यानं भाव चढले आणि ठिकठिकाणी कारखान्यांची आखणी झाली. ते सगळे उभे राहिले तोवर युद्ध संपलं होतं. माल जास्त, गिऱ्हाईक कमी. कारखाने एकमेकांना पाडण्यासाठी तोट्यात विकू लागले. त्यातून वाट काढायला त्यांनी आधी संघटना केली आणि 1927 मध्ये 'काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया' काढली. तिचं काम विक्रीचं नव्हतं, शिकवणीचं होतं: सिमेंट कुठं-कुठं वापरता येतं ते लोकांना आणि अभियंत्यांना दाखवायचं. रस्ता हे त्यातलं मोठं गिऱ्हाईक. एक मैल रस्ता जेवढं सिमेंट गिळतो तेवढ्यात कित्येक घरं उभी राहतील. पुढे 1936 मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही एकच कंपनी झाली, त्यांत शहाबादची कंपनीही होती.

योगायोगानं 1927 मध्येच रस्त्यांच्या प्रश्नावर केंद्र सरकारनं एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे नामांकित बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. मोटारींनी रस्ते बिघडतात, तर मोटारींच्या पेट्रोलवर जादा कर लावून त्याच पैशातून रस्ते करा, हा तिचा साधा आणि न्याय्य विचार होता. गॅलनमागे दोन आणे कर बसला आणि 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज पेट्रोल भरताना रस्त्यासाठी जो पैसा आपण देतो, त्याचा उगम एका मराठी माणसाच्या अहवालात आहे. त्याच समितीच्या सूचनेतून 1934 मध्ये 'इंडियन रोड्स काँग्रेस' स्थापन झाली आणि रस्ते बांधणारे अभियंते दरवर्षी एकत्र बसून आपले यशापयश मांडू लागले.

आता निजामाची राजधानी हैदराबाद. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीच्या पुरानं ते शहर उद्ध्वस्त केलं. त्यानंतर विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला गेला, वर उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले, आणि 1912 पासून शहर सुधार मंडळानं गल्ल्या मोकळ्या करून रुंद रस्ते काढले. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत या राजधानीतल्या मुख्य रस्त्यांवर सिमेंट काँक्रीट आलं. भारतात त्या काळी मुंबईच्या मरीन ड्राइव्हसारखे मोजके रस्ते सोडले तर असं काही पाहायला मिळत नव्हतं. नांदेड-लातूरकडची पोरं शिकायला हैदराबादला जायची, कोर्टकचेरीच्या कामाला माणसं जायची, ती परत येऊन त्या पांढऱ्या, धूळ नसलेल्या रस्त्यांचं कौतुक सांगायची. हे रस्ते रोज पाण्यानं धुतले जायचे, असं जुने हैदराबादकर आजही अभिमानानं सांगतात.

मग तेच राज्य, तेच सिमेंट, तीच तामीरातची, म्हणजे बांधकाम खात्याची, माणसं असताना आमच्याकडे धूळच का राहिली?

पहिलं कारण उघड आहे आणि ते बोलायला मला संकोच वाटत नाही. पैसा राजधानीत खर्च होत होता. मराठवाड्यातून महसूल जायचा, सडका यायच्या नाहीत. हे दुखणं पुढेही बराच काळ राहिलं.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे: रुळांची रुंदी. शहाबाद ब्रॉडगेजवर. नांदेडची लाइन, सिकंदराबाद ते मनमाड, विसाव्या शतकाच्या तोंडावर आली ती मीटरगेज. लातूरला 1911 मध्ये आली ती बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटांची नॅरोगेज. म्हणजे शहाबादचं पोतं लातूरला आणायचं तर सोलापूरवरून कुर्डुवाडीपर्यंत मोठ्या गाडीनं, तिथं उतरवून छोट्या गाडीत चढवायचं. नांदेडला न्यायचं तर सिकंदराबादच्या बाजूनं जाऊन तसंच करायचं. सिमेंट तेव्हा तागाच्या पोत्यांत यायचं. हमालांच्या पाठीवरची प्रत्येक चढ-उतार म्हणजे थोडं सांडणं, थोडी दमट हवा पोत्यात शिरणं. ओल लागलेलं सिमेंट पोत्यातच गोळे धरतं आणि निकामी होतं. इमारतीला पन्नास पोती लागतात तिथं हे परवडतं. रस्त्याला हजारोंनी लागतात.

तिसरं कारण गवंड्यानं सांगितलेलं. हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर वसलं आहे. तिथली जमीन रेताड, तांबूस, घट्ट. पावसात ती फुगत नाही. आपण बसलो आहोत ते लाव्हाच्या काळ्या कातळावर. बसाल्ट झिजून त्याची जी माती झाली, ती काळी. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, देगलूर-बिलोलीकडे, हा लाव्हाचा पसारा संपतो आणि ग्रॅनाइटसारखा जुना खडक दिसू लागतो. तिकडचं रान आणि अहमदपूर-चाकूरकडचं रान चालताना पायालाच वेगळं लागतं.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी, अतिशय पातळ पानांची. या पानांच्या मध्ये पाणी शिरतं आणि पानं एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, पानं जवळ येतात, माती आकसते आणि शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हे वरदानच आहे. भेगांतून वरची माती खाली जाते आणि रान जणू आपलं आपणच नांगरलं जातं. धरून ठेवलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी एकाही पाण्याशिवाय निघते. पण जी जमीन वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते, तिच्यावर ताठ वस्तू ठेवणं अवघड.

आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर गावात 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी माती फुगत नाही, धाब्यावर घातली तर पाणी अडवते, भिंतीला चालते. घर बांधायचं ते पांढरीवर. रस्त्याला मात्र निवड नसते. त्याला एका पांढरीवरून दुसऱ्या पांढरीला जायचं तर मधली काळी ओलांडावीच लागते.

आता सिमेंटचा रस्ता जमिनीकडे काय मागतो ते पाहू. इथं एक समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. काँक्रीटला खाली फार बळकट जमीन लागते असं नाही. डांबरी रस्ता लवचीक असतो. चाकाचं वजन तो थराथरानं खाली उतरवतो, म्हणून खालचा प्रत्येक थर भक्कम लागतो. काँक्रीटचा स्लॅब ताठ असतो, तो वजन लांब-रुंद पसरून देतो आणि मातीवर येणारा दाब फार कमी होतो. मऊ जमिनीवरही तो तगू शकतो. त्याला हवा असतो सारखेपणा. दाब सोसण्याची काँक्रीटची ताकद प्रचंड, पण ताण सोसण्याची तिच्या जेमतेम दशांश. फरशीचा तुकडा वाळूवर ठेवून वर उभे राहा, काही होत नाही. दोन विटांवर आडवा ठेवून उभे राहा, कडकन मोडतो. एका ठिकाणी आधार आणि शेजारी पोकळी, हेच स्लॅबचं मरण. काळी माती मऊ असते हा तिचा लहान दोष. ती एका ठिकाणी फुगते आणि दुसरीकडे आकसते, हा मोठा.

अमेरिकेतही पहिल्या अभियंत्यांना हे ठोकरा खाऊनच कळलं. 1922-23 मध्ये इलिनॉय राज्यात बेट्स या ठिकाणी वेगवेगळ्या प्रकारचे साठाहून अधिक तुकडे जोडून एक रस्ता मुद्दाम बांधला आणि त्यावरून वजन वाढवत नेत ट्रक चालवले, रस्ता मोडेपर्यंत. असं दिसलं की स्लॅब मध्ये फारसा मोडत नाही; कडेला आणि कोपऱ्यात मोडतो. हॅरल्ड वेस्टरगार्ड या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या गणितज्ञ अभियंत्यानं 1926 मध्ये हेच समीकरणांत मांडलं: चाक मध्यावर असताना किती ताण, कडेवर असताना किती, कोपऱ्यावर किती. जमिनीला त्यानं दाट द्रवासारखं मानलं, ज्यावर स्लॅब तराफ्यासारखा तरंगतो. शंभर वर्षं झाली, तरी आजचे आराखडे याच विचाराच्या खांद्यावर उभे आहेत.

नांदेडहून लातूरकडे निघालं आणि सिमेंटचा पट्टा लागला की टायरखाली एक ताल ऐकू येतो. साधारण साडेचार मीटरवर एक आडवा जोड असतो. ताशी 80 किलोमीटरनं गेलं तर सेकंदाला जवळजवळ पाच ठोके. पुष्कळांना वाटतं, अखंड टाकता आलं नाही म्हणून तुकडे केले. पण काँक्रीट घट्ट होताना आकसतं, थंडीत आकसतं, उन्हात पसरतं. स्लॅबच्या तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर शंभर मीटर लांबीत अडीच सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. शिवाय दिवसा उन्हानं वरची बाजू तापते आणि खालची गार राहते, तेव्हा स्लॅबचे कोपरे खाली वाकतात. रात्री उलट, कोपरे वर उचलले जातात. रस्ता फुटणार हे ठरलेलंच आहे. म्हणून तो कुठं फुटावा हे माणूस ठरवतो. काँक्रीट टाकल्यानंतर काही तासांत करवतीनं वरून पाव ते एक-तृतीयांश खोलीपर्यंत काप घेतात. पुढची भेग त्या कापाखालीच सरळ उतरते. लवकर कापलं तर कडा ओरखडतात, उशीर झाला तर भेग आपली वाट आधीच काढून बसते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ही वेळ मध्यरात्री येऊन ठेपते आणि करवतवाल्याला पहाटेपर्यंत जागावं लागतं. रस्त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका रात्रीवर अवलंबून असतं, आणि त्या माणसाचं नाव कुठल्याही कोनशिलेवर नसतं.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्या देशात एक देखणी तडजोडही करून पाहिली गेली. पूर्ण रुंदीचा रस्ता परवडत नाही, तर बैलगाडीच्या दोन चाकांपुरते काँक्रीटचे दोनच पट्टे घालायचे. मध्ये बैलांसाठी माती किंवा मुरूम. म्हणजे चाकोरीच पक्की करायची. बैलाचा नाल घसरत नाही, धाव रुतत नाही, सिमेंट थोडं लागतं. मला ही कल्पना अजून आवडते, कारण तिनं गाडीवानाचं म्हणणं ऐकलं होतं. पण समोरून दुसरी गाडी आली की एकीला पट्ट्यावरून उतरावं लागायचं, आणि मोटारींची संख्या वाढल्यावर तिचे दिवस संपले.

डिसेंबर 1943 मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि वीस वर्षांची रस्ते योजना ठरली. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि ग्राम अशी रस्त्यांची उतरंड आपण आज वापरतो ती तिथं आखली गेली. पैसा कमी आणि अंतर अफाट, तेव्हा लांबीला प्राधान्य मिळालं आणि काँक्रीट मागे पडलं. स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईत सिमेंट धरणांना हवं होतं. रस्त्यांवर डांबर आलं, ज्याचा पहिला खर्च कमी.

आमच्या भागातल्या खडीच्या रस्त्यांची खरी गोष्ट 1972 च्या दुष्काळाची आहे. त्या साली आणि पुढच्या साली रस्त्याच्या कडेनं हजारो माणसं खडी फोडत बसली. बाया तान्ह्या लेकरांना बाभळीच्या सावलीत झोळीत टाकून हातोडा मारायच्या. मुकादम ढीग मापायचा, त्यावर मजुरी, सोबत सुकडी. त्या पिढीतल्या माणसांच्या बोटांवर अजून चिप्प्यांचे वण दिसतात. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्या अनुभवातून पक्की झाली. तेव्हाच्या कामांतून झालेले कितीतरी रस्ते पुढे डांबरी झाले, रुंद झाले. आजच्या गुळगुळीत थरांखाली कुठं ना कुठं ती हातानं फोडलेली खडी आहे.

सिमेंटच्या लांब रस्त्याला महाराष्ट्रात पुन्हा प्रतिष्ठा दिली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानं. तो 2002 मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर अवजड ट्रक, महागडं डांबर आणि मुबलक सिमेंट यांनी गणित फिरवलं. जालन्यावरून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही काँक्रीटचाच. आता काळ्या मातीवर स्लॅब घालण्याची रीत ठरून गेली आहे: वरची काळी खणून काढायची किंवा तिच्यावर न फुगणाऱ्या मुरुमाची जाड गादी घालायची, जमत असेल तिथं मातीतच चुना मिसळायचा, म्हणजे चुन्यातलं कॅल्शियम त्या पानांना एकमेकांशी धरून ठेवतं आणि फुगणं उतरतं, त्यावर कमी सिमेंटचा कोरडा थर, आणि मग वरचा स्लॅब. गवंड्यानं ओसरीत केलं तेच, मोठ्या मापानं.

उरतो प्रश्न पाण्याचा. सात मीटर रुंद, 30 सेंटिमीटर जाड आणि एक किलोमीटर लांब स्लॅब म्हणजे 2,100 घनमीटर काँक्रीट. घनमीटरला 350 किलो धरलं तरी सिमेंटची 14,700 पोती. आणि नुसतं कालवायला घनमीटरमागे 160 लिटर पाणी धरलं तर 3 लाख 36 हजार लिटर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. सगळं शहर त्या गाडीकडे डोळे लावून बसलं होतं. तेवढ्या पाण्यात दीड किलोमीटर रस्त्याचं काँक्रीट कालवून झालं असतं, आणि पुढचे दोन आठवडे त्याला ओलं ठेवायला पाणी पुन्हा वेगळं. मोठ्या कामांवर आता स्लॅबवर एक रसायन फवारतात, त्याची साय धरून आतली ओल आतच राहते. गावातल्या गल्लीत ते परवडत नाही. तिथं गोणपाट आणि टँकर. टँकर माणसांना आधी लागतो, आणि तसाच लागला पाहिजे. म्हणून गल्लीतलं काँक्रीट तिसऱ्या दिवशी पांढरं-कोरडं पडतं आणि दुसऱ्या वर्षी त्याचा भुगा वाऱ्यावर उडू लागतो.

या गल्लीतल्या रस्त्यांविषयी मला मनापासून वाईट वाटतं. जुन्या रस्त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक, असं करत रस्ता घरांच्या जोत्याहून वर जातो आणि पावसाचं पाणी उंबरा ओलांडून आत येतं. खालची माती कोणी पाहत नाही, मुरूम भरत नाही, जोड कापत नाही. चार बोटं जाडीचा थर ओतून मोकळं व्हायचं. तो फुटला की लोक म्हणतात, सिमेंट हलकं होतं. कधी असतंही. पण बहुतेक वेळा खाली काळी असते.

मोठ्या रस्त्यावरही ती आपली जागा सोडत नाही. कडेचं पाणी निघून गेलं नाही तर ते जोडातून स्लॅबखाली जमतं. वरून भरलेला ट्रक गेला की स्लॅबचं टोक किंचित दबतं आणि खालचं पाणी बारीक माती घेऊन जोडातून उसळून वर येतं. पुढच्या ट्रकला पुन्हा थोडी माती. असं करत आधार पोकळ होतो आणि एके दिवशी कोपरा तुटतो. भाद्रपदात पाऊस उघडल्यावर रस्त्याच्या कडेला उतरून जोड पाहावेत. बहुतेक स्वच्छ असतात. एखाद्या जोडाच्या दोन्ही अंगांनी, पांढऱ्या काँक्रीटवर, वाळलेल्या काळ्या चिखलाची पसरट रेघ उमटलेली असते.